तिसरा पेड

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अल्काइन ह्या कुळाच्या वाट्याला पाने फार थोडी येतात. अल्केनांचे सविस्तर वर्णन होते, अल्कीनांचे त्याहून थोडे कमी, आणि अल्काइनांपाशी येईतो शिक्षक घाईला आलेले असतात व विद्यार्थी परीक्षेच्या धास्तीने हैराण झालेले असतात. चार समीकरणे पाठ करावीत आणि बेंझीनच्या वलयाकडे वळावे, असाच बहुधा शिरस्ता. आमचा अकरावीतला नातू परवा ती समीकरणे घोकीत बसला होता. मध्येच पुस्तक मिटून तो त्रासिकपणे म्हणाला, "आजोबा, ह्या अल्काइनाचा आपल्याला उपयोग तरी काय?" आम्ही म्हटले, "अरे, दरवर्षी उन्हाळ्यात तू ते आंब्याबरोबर खात असशील, आणि तुझ्या मोटारसायकलचा मोडलेला स्टँड मागच्या महिन्यात त्यानेच सांधून दिला." त्यावर तो हसला, त्याला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. त्याला जे सांगितले ते, आणि त्याच्या वयाला सांगण्याजोगे नव्हते म्हणून ठेवून दिले तेही, येथे लिहून काढण्याचा विचार आहे. कारण ह्या गोष्टीचा संबंध शेवटी आपल्या देवळातल्या नैवेद्याच्या ताटाशी येऊन पोहोचतो.

प्रथम कुळाची ओळख. कार्बनचा अणू हा आपल्या विष्णूसारखा चतुर्भुज. हायड्रोजन बिचारा एकाच हाताचा. दोन कार्बन एकमेकांचा एकेक हात धरून उभे राहिले, तर प्रत्येकाचे तीन हात मोकळे राहतात आणि ते सहा हायड्रोजन धरतात. हा झाला ईथेन. दोन-दोन हात गुंतविले तर चारच हायड्रोजन मावतात. हा ईथीन, ज्याचे व्यवहारातले नाव एथिलीन. आणि तीन-तीन हात एकमेकांत अडकविले, तर प्रत्येकाजवळ एकच हात उरतो. दोन कार्बन मधोमध आणि दोन टोकांना दोन हायड्रोजन, चारही एका सरळ रेषेत. हाच ईथाइन, अल्काइन कुळातला सर्वांत धाकटा आणि सर्वांत प्रसिद्ध. जग त्याला ॲसिटिलीन म्हणून ओळखते.

शहापूर, वडगाव, खासबाग ह्या भागात मागांचा आवाज ऐकत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एकपेडी, दुपेडी आणि तिपेडी सुतातला भेद सांगावा लागत नाही. सुताला पेड वाढविले की बळकटी वाढते. आपल्या खांद्यावरचे जानवेदेखील एका पेडाचे नसते. कार्बनचा बंधही पेड वाढविल्याने बळकट होतो, पण त्यात एक मेख आहे. एकेरी बंध तोडण्यास जेथे सुमारे ३४८ एकके ऊर्जा लागते (एकक म्हणजे किलोज्यूल, दर मोलमागे), तेथे दुहेरीस ६१४ आणि तिहेरीस ८३९ लागते. म्हणजे दुसऱ्या पेडाने भर घातली २६६ ची आणि तिसऱ्याने केवळ २२५ ची. पहिला पेड दोन अणूंच्या मधोमध घट्ट वळलेला. नंतरचे दोन त्याच्या बाजूंनी वेढलेले, आणि म्हणून उघड्यावर पडलेले. बाहेरून कोणी आले की हे दोघे आपली गाठ सोडून त्याच्याशी नाते जोडावयास तयार. तांबूस रंगाच्या ब्रोमिनच्या पाण्यात हा वायू सोडला की पाण्याचा रंग उडतो, तो ह्याच कारणाने. शाळेच्या प्रयोगशाळेत असंपृक्तपणाची परीक्षा म्हणून आम्ही हा प्रयोग कित्येक वर्षे मुलांपुढे करीत आलो, आणि रंग उडताना पाहून त्यांच्या तोंडून निघणारा उद्गार कधी शिळा झाला नाही.

ह्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. बहुतेक पदार्थ तयार होताना उष्णता बाहेर टाकतात आणि शांत होतात. ॲसिटिलीनचे उलट आहे. कार्बन आणि हायड्रोजन ह्यांपासून तो घडवावयाचा तर दर सव्वीस ग्रॅममागे सुमारे २२७ किलोज्यूल ऊर्जा आत भरावी लागते. ती त्याच्या पोटात तशीच दबून राहते. म्हणून तो जळू लागला की स्वतःची उष्णता आणि ही कोंडलेली उष्णता अशा दोन्ही एकदम बाहेर पडतात. आणि म्हणूनच, दाबून भरला तर, हवेचा कणही नसताना तो आपला आपण फुटू शकतो. लाकूड, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस ह्यांना पेटावयास हवा लागते. ह्याला तीही लागत नाही.

त्याच्या जन्माची कथाही थोडी गमतीची आहे. एडमंड डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली पोटॅशियम धातू तयार करण्याच्या खटपटीत हा वायू प्रथम पाहिला. त्यानंतर १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थेलोने त्याला नाव दिले, आणि १८६२ साली जर्मनीत व्होलरने कॅल्शियम कार्बाईडवर पाणी टाकून तो मिळविला. पण हे सारे काचेच्या नळ्यांतले खेळ होते. १८९२ साली अमेरिकेत टॉमस विल्सन नावाचा गृहस्थ अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याच्या नादाने विजेच्या भट्टीत चुनखडी आणि डांबर तापवीत असता त्याच्या हाती एक काळसर, ठिसूळ दगड लागला. त्याला हवी ती धातू काही ती नव्हे, म्हणून तो पाण्यात टाकला, तर बुडबुडे येऊ लागले आणि ते बुडबुडे पेटले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये म्वासाँनेही भट्टीतून कार्बाईड काढले. बेळगावला आज अ‍ॅल्युमिनाचा मोठा कारखाना आहे. अ‍ॅल्युमिनियमचा शोध घेता घेता कोणाला दिवा सापडला, ही गोष्ट त्या रस्त्याने जाताना आम्हांला दर खेपेस आठवते.

दिवा हा शब्द मुद्दाम वापरला. चुना आणि कोळसा दोन हजार अंशांच्या भट्टीत एकत्र तापविल्यावर हा दगड होतो, आणि भट्टीचा सगळा ताप जणू त्या दगडात मुरून राहतो. पाण्याचा थेंब लागला की तो ॲसिटिलीनच्या रूपाने बाहेर येतो. चांगल्या प्रतीच्या एक किलो कार्बाईडमधून सुमारे तीनशे लिटर वायू निघतो, आणि मागे उरतो तो विरलेला चुना. आमच्या लहानपणी महाशिवरात्रीला कपिलेश्वराच्या जत्रेत खेळण्यांच्या, चुरमुऱ्यांच्या आणि बांगड्यांच्या हातगाड्यांवर असेच दिवे असत. खालच्या डब्यात कार्बाईडचे खडे, वर पाण्याची टाकी, मधे पाण्याचा थेंब कमी-जास्त करणारी चावी, आणि तोंडाशी समोरासमोर दोन बारीक छिद्रे. त्या दोन छिद्रांतून निघालेल्या धारा एकमेकींवर आदळत आणि माशाच्या शेपटीसारखी चपटी, पांढरीशुभ्र ज्योत उभी राही. तिच्याजवळ आले की लसणीसारखा उग्र दर्प येई. चावी जरा जास्त फिरली की ज्योत फुसफुसत लांब होई, आणि गाडीवाला शिव्या देत ती आवळी. ज्योतीचा तो पांढरेपणा कशाने, तर ह्या वायूच्या वजनात शेकडा ९२ हून अधिक भाग कार्बनच. त्याचे कण ज्योतीत धगधगून पांढरे होतात. १९४८ साली शहापूर सांगली संस्थानातून मुंबई राज्यात गेले आणि १९५६ साली तेथून म्हैसूर राज्यात गेले. जत्रेतल्या त्या दिव्यांना ह्याचा पत्ता नव्हता. सकाळी गाड्या उठल्यावर मैदानात पांढऱ्या चुन्याचे ढीग तेवढे उरलेले दिसत.

आता ते दिवे गेले, पण वायू गेला नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांपासून ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत तो रोज राबतो आहे. ऑक्सिजनच्या जोडीने पेटविला की त्याची ज्योत तीन हजार अंशांच्याही वर जाते. लोखंड तर १५३८ अंशांलाच वितळते. त्या दुकानात तांबडट रंगाचे सिलिंडर ॲसिटिलीनचे आणि काळे ऑक्सिजनचे. ॲसिटिलीनच्या जोडाचे आटे मुद्दाम डावे ठेवलेले असतात, म्हणजे घाईत एकाची नळी दुसऱ्याला लागू नये. सिलिंडर आडवे ठेवू नये, ह्याचेही कारण आहे, आणि ते ह्या कथेचे सर्वांत चटका लावणारे पान आहे.

हा वायू नुसता दाबून सिलिंडरात भरता येत नाही, हे वर आलेच आहे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लॉड आणि हेस ह्यांनी दाखवून दिले की ॲसिटोन नावाच्या द्रवात तो भरपूर विरघळतो. साध्या दाबालाच ॲसिटोन आपल्या आकारमानाच्या पंचवीसपट वायू सामावून घेतो. पण द्रव सांडतो, हिंदकळतो आणि वर रिकामी जागा राहते. तेव्हा स्वीडनच्या गुस्ताफ डालेन ह्यांनी सिलिंडरात सच्छिद्र पदार्थ ठासून भरला, त्यात ॲसिटोन मुरविले, आणि त्या ॲसिटोनमध्ये ॲसिटिलीन. स्पंजात पाणी, पाण्यात साखर, तसे. अशा असंख्य बारीक कोठड्यांत विभागला गेल्यावर त्याला एकदम फुटावयास वाव राहत नाही. डालेन एवढ्यावरच थांबले नाहीत. ओसाड खडकांवरच्या दीपस्तंभांना रोज दिवा लावावयास माणूस कोठून मिळणार? त्यासाठी १९०७ साली त्यांनी एक झडप काढली. तिच्यात एक काळी दांडी असते. सूर्य उगवला की ती प्रकाश शोषून तापते, प्रसरण पावते आणि गॅस बंद करते. सूर्य मावळला की आक्रसते आणि दिवा आपोआप लागतो. सूर्याच्याच हाताने विझणारा आणि लागणारा तो दिवा जगभरच्या किनाऱ्यांवर खलाशांना वाट दाखवीत राहिला. ह्या कामासाठी १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक डालेन ह्यांना जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात, सिलिंडरांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेत असतानाच स्फोट झाला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. पारितोषिक घेण्यासाठी त्यांच्याऐवजी त्यांचे बंधू उभे राहिले; ते बंधू नेत्रवैद्य होते. दृष्टी गेल्यावरही डालेन पंचवीस वर्षे आपला कारखाना चालवीत राहिले आणि १९३७ साली वारले.

ही हकीकत आम्ही नातवाला सांगितली, ती त्याने नीट ऐकावी असा आमचा हेतू होता. कारण २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या प्रदेशात प्लास्टिकच्या नळीत कार्बाईडचे खडे आणि पाणी घालून वाजविण्याच्या 'कार्बाईड बंदुकी' विकल्या गेल्या. मुलांनी त्यात डोळा लावून पाहिले, आणि शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. काहींची दृष्टी कायमची गेली. दिव्याच्या सणात, दिव्याच्याच वायूने. घरातला स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन टक्क्यांपासून नऊ-दहा टक्क्यांपर्यंत असेल तरच भडकतो. ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत केव्हाही भडकतो. म्हणजे प्रमाण चुकले म्हणून वाचलो, असे येथे जवळजवळ घडतच नाही. ज्या लहान दुकानांतून अजून घरगुती टाकीत कार्बाईड घालून वायू काढतात, तेथे शिकाऊ म्हणून उभ्या राहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांकडे पाहून आमचा जीव खालीवर होतो.

ह्या वायूचे आणखी एक विलक्षण पथ्य आहे. त्याला तांबे वर्ज्य आहे. तिहेरी बंधातले कार्बन इलेक्ट्रॉन आपल्याकडे असे काही ओढून धरतात की टोकाचा हायड्रोजन सैल होतो, आणि योग्य परिस्थितीत तांब्याचा किंवा चांदीचा अणू त्याची जागा बळकावतो. त्यातून जे संयुग होते ते वाळले की नुसत्या धक्क्याने स्फोट पावते. म्हणून ॲसिटिलीनच्या मार्गात तांब्याची नळी चालत नाही. पितळही चालते ते त्यातले तांबे पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच. ज्या तांब्याच्या कलशातून आपण देवाला अभिषेक करतो, त्याचीच येथे अस्पृश्यता. हे तांबे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आता आंब्याकडे वळतो. आपल्याकडे आंबा पिकविण्याची जुनी रीत आढीची. झाडावरून पाडाला आलेला, म्हणजे पूर्ण वाढलेला पण अजून हिरवा, आंबा देठासकट उतरवावयाचा. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा, असे रचून कोंदट खोलीत ठेवावयाचे. आठ-दहा दिवसांत आंबे आपल्या वेळेने पिकतात. ह्यात जादू कसली होती, हे विज्ञानाला फार उशिरा कळले. १९०१ साली रशियात नेल्युबोव ह्या तरुण संशोधकाने दाखविले की रस्त्यावरच्या दिव्याच्या गॅसमधल्या एथिलीनमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात. १९३४ साली इंग्लंडात गेन ह्यांनी सिद्ध केले की पिकते फळ स्वतःच एथिलीन सोडते. आढीत एक आंबा पिकू लागला की त्याच्यातून निघालेले एथिलीन शेजाऱ्याला लागते, शेजाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्याला, आणि पेंढा ते सारे कोंडून धरतो. फळाला एथिलीनची चाहूल लागली म्हणजे त्यातला पिष्टांश साखर होऊ लागतो, आंबटपणा उतरतो, हरितद्रव्य जाऊन केशरी रंग वर येतो, आणि शेवटी सुवास सुटतो. केळ्यांना धुरी देऊन पिकविण्याची पद्धत ह्याच जातीची, कारण धुरातही एथिलीन असते आणि थोडे ॲसिटिलीनही असते. म्हणजे आपले वाडवडील नाव न जाणता ह्या दोन्ही भावंडांना राबवीत होते.

फळाला ही चाहूल लागते कशाने? वनस्पतीच्या पेशीत एथिलीन ओळखणारे एक प्रथिन असते, आणि त्याच्या गाभ्यात तांब्याचा एक अणुकण बसलेला असतो. १९९९ साली हे निश्चित झाले. एथिलीनचा दुहेरी बंध त्या तांब्याला येऊन बिलगतो, आणि फळ समजते की पिकण्याची वेळ झाली. ॲसिटिलीनचा तिहेरी बंधही तांब्याला बिलगू शकतो, हे आपण वर पाहिलेच. फळाला त्याची हाक एथिलीनसारखीच वाटते. मात्र ती फारच दुबळी असते, एथिलीनच्या मानाने शेकडो पटींनी अधिक ॲसिटिलीन असावे तेव्हा कोठे तेवढा परिणाम. कार्बाईडच्या पुड्या पेटीत घालण्याचा सारा खटाटोप ह्या तोतयेगिरीवर उभा आहे. आंब्याच्याच अंगचा ओलावा शोषून पुडीतले कार्बाईड वायू सोडते आणि दोन-तीन दिवसांत पेटी पिवळी होते.

तोतया असला तरी काम होत असेल तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते दोन ठिकाणी. बाजारात मिळणारे कार्बाईड शुद्ध नसते. त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिक ह्यांची संयुगे असतात आणि ओलाव्याने त्यांपासून विषारी वायू निघतात. शुद्ध ॲसिटिलीनला वास जवळजवळ नाहीच; जत्रेतल्या दिव्याचा तो लसणीचा दर्प ह्या मिश्रणाचा. नैवेद्याच्या पानात आपण लसूण येऊ देत नाही, आणि लसणीसारख्या वासाच्या विषात ठेवलेले फळ मात्र बिनदिक्कत वाढतो! कायद्याने ही गोष्ट कधीच मान्य केलेली नाही. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही कार्बाईडने फळे पिकविण्यास बंदी होती, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी ती तशीच ठेवली आहे. एथिलीन वायूला मात्र परवानगी आहे. बंद खोलीत, हवेच्या दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत. त्या पद्धतीला आमचा आक्षेप नाही. फळ स्वतः जे सोडते तेच त्याला बाहेरून दिले, इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म, आणि आमच्या मते अधिक गंभीर. एथिलीन असो की ॲसिटिलीन, ते फक्त हाक मारते. घरात धान्य असेल तरच जेवण होणार. कोवळ्या आंब्यात पिष्टांश पुरता साठलेलाच नसतो. त्याला हाक मारली तर साल पिवळी होते, गर थोडा मऊ पडतो, पण साखर यावी कोठून? कार्बाईड स्वस्त आणि झटपट असल्याने बाजारात आधी पोहोचण्यासाठी फळ कोवळेच उतरविण्याचा मोह वाढतो. आमच्या मातोश्री असा आंबा हातात घेऊन देठाशी हुंगत आणि बाजूला ठेवीत. "आंबो हळदुवो जाला, पूण पिकूंक ना," एवढेच त्या म्हणत. रसायनशास्त्राचे एक पुस्तकही त्यांनी कधी उघडले नव्हते.

ह्यात सारा दोष व्यापाऱ्यांच्या माथी मारणे आम्हांला पटत नाही. पाडव्याला आंबा हवा, अक्षय्य तृतीयेला तर हवाच, आणि तोही डाग नसलेला, सारख्या रंगाचा, सारख्या आकाराचा. अशी आपली मागणी. आढीतला आंबा पाहिला तर त्याची कातडी सुरकुतलेली, एका अंगाला हिरवट, देठाशी चीक सांडल्याचा काळा ओघळ. पूजेच्या ताटात असे फळ ठेवावयास आपल्यालाच संकोच वाटतो. नुसत्या रंगावरून कोणता आंबा कार्बाईडचा हे खात्रीने सांगता येत नाही हे खरे, पण सबंध पेटी एकाच दिवशी हळदीसारखी पिवळी झाली असेल तर मनात शंका यावी.

दोन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला आमच्या देवळात पाच डझन आंबे बाजारातून आणविले होते. ताटात ते सोन्यासारखे दिसत होते. आरती झाली, नैवेद्य झाला, आणि प्रसादासाठी फोडी करावयास घेतल्या तर बाठ्याजवळचा गर पांढरा आणि करकरीत आंबट. मुलांनी प्रसाद म्हणून तोंडात घातला आणि मोठ्यांच्या भीतीने तो गिळला. विकणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल, माल त्याच्याकडे पिवळाच आलेला असेल. संध्याकाळी मंडपात चर्चा झाली. कोणी म्हणाले, देव भावाचा भुकेला, त्याला फळाच्या पिकण्याशी काय करावयाचे? भटमाम थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवाला चालेल हो; पण प्रसाद म्हणून हे आपण पोरांना देतो आहोत." त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. आम्हांलाही भक्तीच्या बाजूने आणि रसायनाच्या बाजूने त्याहून नेमके काही सुचले नसते.

गेल्या वर्षी देवळाने पेट्या घेतल्या नाहीत. धारवाडकडच्या एका बागायतदाराकडून पाडाचे हिरवे आंबे देठासकट मागविले. येळ्ळूरच्या एका भाविकाने आपल्या शेतातला भाताचा पेंढा गाडीभर आणून दिला. देवळामागची धान्याची जुनी कोठी कित्येक वर्षे रिकामीच होती. ती झाडून तेथे आढी घातली. ती कशी घालावयाची हे ठाऊक असलेल्या दोनच वृद्धा आता आमच्या गल्लीत उरल्या आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून नेले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तरुणांनी थर रचले. दर तीन-चार दिवसांनी आंबे चाळावयाचे, नासका लागला तर काढावयाचा, पिकलेला वेगळा करावयाचा. आढीला पंचांग कळत नाही. अक्षय्य तृतीयेच्या पहाटे कोठीचे दार उघडले तेव्हा चार डझन आंब्यांपैकी अकराच पिकलेले होते, आणि त्यांतलाही एक पोपटाच्या टोचीचा निघाला. दहा आंब्यांचा नैवेद्य झाला. फोडी इतक्या लहान कराव्या लागल्या की प्रसाद हातावर पडला आणि संपला. पुढचे आठ दिवस मात्र संध्याकाळच्या आरतीला रोज चार-पाच आंबे निघत राहिले, आणि एरवी आरतीला न फिरकणारी पोरे कोठीच्या दाराशी वास घेत उभी राहू लागली.